आनुईच्या 'अँटिगनी'त बरोबर कोण, क्रेऑन की अँटिगनी? समीक्षक काय म्हणतात?

फ्रेंच नाटककार आनुईच्या या नाटकात राजा क्रेऑन आपल्या भाचीच्या, म्हणजे अँटिगनीच्या, एका भावाचं प्रेत पुरायला बंदी घालतो; ती बंदी मोडते आणि मरण पत्करते. बरोबर कोण, यावर समीक्षक 1944 पासून भांडतायत. नाटक फेब्रुवारीत पॅरिसच्या आतलिए थिएटरात लागलं, शहर जर्मनांच्या ताब्यात, सेन्सॉरची परवानगी घेऊन. जर्मनधार्जिण्या वृत्तपत्रांनी कौतुक केलं. भूमिगत निघणाऱ्या 'ले लेत्र फ्रांसेज'ने झोडपलं: ही आमची अँटिगनी नव्हे. पण त्याच थिएटरात तिच्या नकारात स्वतःचा प्रतिकार ऐकणारे प्रेक्षकही होतेच.

मी क्रेऑन केलाय, तेव्हा तटस्थपणा माझ्याकडे मागू नका.

आमच्या दिग्दर्शकाचं ठरलेलं होतं: क्रेऑन म्हणजे हिटलर. मला काळे बूट, चढा आवाज. आणि कात्री लावली ती नेमकी नाटकाच्या जिवावर. क्रेऑन तिला सांगतो की तुझे दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते. प्रेतं इतकी चिरडलेली की ओळख पटेना, मग त्यातल्या त्यात बरं होतं ते सरकारी इतमामात पुरलं, दुसरं सडायला टाकलं. कुठलं कोणाचं, कोणास ठाऊक! हे ऐकून ती गप्प होते, खोलीत जायला निघते. जिंकलाच होता तो. मग लग्न कर, सुखी हो, म्हणून बसतो आणि त्या सुखाच्या नावाने ती उसळते. हे सगळं कापलं, कारण 'प्रेक्षकांना झेपणार नाही'. उरला एक खलनायक आणि एक हुतात्मा. दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, अर्थातच.

हीच गोष्ट आधी लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसच्या अँटिगनीमागे देवांचा कायदा उभा आहे. आनुईने देवांची बाजू सांगणारा भविष्यवेत्ता टायरेसिअसच काढून टाकलाय, आणि त्याची अँटिगनी शेवटच्या पत्रात सांगते की मी कशासाठी मरतेय तेच मला कळेनासं झालंय. म्हणून तिला नुसती प्रतिकाराची देवी करणारी समीक्षा मला आळशी वाटते. क्रेऑन म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचं समर्थन, हेही तितकंच आळशी. राज्याची घाण कोणीतरी उपसायची म्हणून तो हो म्हणतो, पण त्या हो ने त्याचा मुलगा जातो, बायको जाते आणि तरी पाच वाजता मंत्रिमंडळाची बैठक असते. याला समर्थन म्हणतात?

हां, एक आहे. 1945 मध्ये ब्राझियाक या नाझीसमर्थक लेखकाची मृत्युदंडाची शिक्षा माफ व्हावी म्हणून आनुईने सही केली होती. त्यामुळे संशय घेणारे अगदीच हवेत बोलत नाहीत.

बसवणार असाल तर ग्रुपमधला सगळ्यात चांगला नट क्रेऑनला द्या. आणि पहारेकऱ्यांचा शेवटचा पत्त्यांचा डाव वेळेसाठी गाळायचा म्हणाला कोणी, तर त्याला दुसरं नाटक शोधायला सांगा.