मुलगी म्हणते, माझ्या शाळेत येऊ नकोस

«ताई, मी साताऱ्याजवळच्या एका अनुदानित शाळेत चौदा वर्षं गणित शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आलो. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिट मिळालं आणि गेल्या सप्टेंबरपासून मी इथल्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये सब्स्टिट्यूट टीचर, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी येणारी ‘सब’, म्हणून जाते. पहाटे उठून फोनवर कामं बघायची आणि मिळेल त्या शाळेत जायचं. मिडल स्कूलची मुलं माझ्या उच्चारांची नक्कल करतात, हजेरीला एकमेकांची नावं सांगतात. एकाला दंडाला धरून जागेवर बसवलं, तर ऑफिसात बोलावून मला समज दिली. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! सासूबाई गावी सांगतात, सून तिकडे मुलं सांभाळायला जाते. आणि आता सातवीतली माझी मुलगी म्हणाली, ‘आई, प्लीज, माझ्या शाळेत सब म्हणून येऊ नकोस.’ नवरा म्हणतो, सोडून दे. सोडू का?
— म., मध्य न्यू जर्सी»

प्रिय म.,

सोडू नका. पण त्याआधी एका बाबतीत तुमच्याशी स्पष्ट बोलायला हवं. दंडाला धरणं ही एवढीशी गोष्ट नव्हती. शाळेतली शारीरिक शिक्षा न्यू जर्सीनं १८६७ साली कायद्यानं बंद केली, अमेरिकेतल्या इतर सगळ्या राज्यांच्या आधी. तुम्ही त्याला मारलं नाहीत, हे मला मान्य आहे. तरी रागाच्या भरात शिक्षकाचा हात मुलाच्या अंगावर जाणं तिथे कुणीच हलकं घेत नाही. आपल्याकडे पाठीत धपाटा घालणाऱ्या बाईसुद्धा प्रेमळ ठरायच्या. मला मात्र तिथली रीतच बरोबर वाटते. मूल ऐकत नसेल तर शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना बोलवा, ऑफिसला फोन लावा, पण हात मागेच ठेवा. आणि कौतुकानं खाऊही वाटू नका. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आता तुमचं खरं दुखणं. साताऱ्यात तुम्ही वर्गात आलात की मुलं उभी राहायची. त्यांच्या थोरल्या भावंडांना तुम्ही शिकवलेलं असायचं, आईवडील बाजारात भेटले की मुलाची चौकशी करायचे. ती ओळख चौदा वर्षांत साठलेली होती. इथे मुलांना एवढंच कळतं की आज आपल्या नेहमीच्या टीचर नाहीत. बारा-तेरा वर्षांची मुलं अशा दिवशी दंगा करणारच. तिथेच जन्मलेला, तिथलंच इंग्रजी बोलणारा सब आला तरी ती नावं बदलून सांगतात. त्यावरून तुमच्या शिकवण्याची किंमत ठरवू नका.

नक्कल मात्र दंग्यात धरू नका. ज्यानं केली त्याच्याकडे बघून, आवाज न चढवता, ‘हे मला चालणार नाही’ म्हणा आणि लगेच कामाला लागा. पुन्हा झालं तर दिवसाच्या शेवटी टीचरसाठी जी चिठ्ठी ठेवता, तिच्यात नावानिशी लिहा. ज्या मुलांनी मदत केली त्यांची नावंही लिहा, तीसुद्धा वाचली जातात.

माझं मुख्य सांगणं हे, की दिसेल ते काम घेणं बंद करा. घराजवळच्या दोन शाळा ठरवा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा, दोन-चार दिवस रिकामे गेले तरी चालतील. ऑफिसातल्या सेक्रेटरीशी ओळख करून घ्या. गणिताची टीचर रजेवर जाणार असेल तर मला आधी कळवा, असं तिला सांगून ठेवा. शाळांना पसंतीच्या सबची यादी ठेवता येते, त्या यादीत तुमचं नाव यायला हवं. घंटेच्या वीस मिनिटं आधी पोचा, सब फोल्डर, म्हणजे टीचरनं सबसाठी ठेवलेल्या सूचना, नीट वाचा, बसण्याचा तक्ता हातात ठेवा. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काय सवलती लिहिल्या आहेत ते बघा. त्या पाळणं सबलाही बंधनकारक असतं. वर्गात पॅराप्रोफेशनल, म्हणजे शिक्षकाची मदतनीस, असेल तर कोण कुठे बसतं ते तिला विचारा, म्हणजे नावांचा खेळ तिथेच संपतो. वर्गातून बाहेर पडायची वाट कुठली आणि दार आतून कसं लावायचं, तेही बघून घ्या. न्यू जर्सीत दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल, म्हणजे सराव, घ्यावीच लागते आणि ती तुमच्या तासाला होऊ शकते.

गणिताचा तास मिळाला की नुसती वर्कशीट वाटून खुर्चीत बसू नका. टीचरनं ठेवलेल्या कामातलंच एक उदाहरण फळ्यावर सोडवा. अपूर्णांकात अडकलेल्या मुलाला तुम्ही ते समजावलंत, की पुढच्या खेपेला तो तुम्हाला ओळखेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत वर्गातली बरीच मुलं ओळखू लागतील.

मुलीचं म्हणणं तुम्हाला फार लागलं आहे. तरी तिचं ऐका. कामं दाखवणाऱ्या ॲपमध्ये तिची शाळा बंद करून टाका आणि ‘तुझ्या शाळेचं काम मी घेणार नाही’ हे तिला स्वतःहून सांगा, टोमणा न मारता, डोळ्यांत पाणी न आणता. या वयात आईची नक्कल आपल्याच मित्रमैत्रिणींच्या तोंडून ऐकायची, हे फार अवघड असतं. हसावं तर आईशी दगाबाजी, भांडावं तर वर्षभर एकटं पडायचं. ती तुमची लाज बाळगते आहे असं मला वाटत नाही. तिला या पेचाचीच भीती वाटत असावी. कदाचित तिनं काही ऐकलंही असेल. कुणाच्या तोंडून तुमच्याविषयी बोलणं तिच्या कानावर आलं का, हे गाडीत दोघीच असताना विचारा. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, लगेच शाळेत फोनही करू नका.

आणि तुमचं काम तिच्यापासून झाकू नका. रात्री जेवताना तिला दिवसातलं काहीतरी सांगा. बसायला कोण तयार नव्हतं, कुणाला समीकरण जमलं, कुठल्या शाळेतलं जेवण कसं होतं. तिनं प्रश्न विचारले तर उत्तम, नाही विचारले तरी सांगत राहा.

सासूबाईंना एकदाच सांगा. पुराव्यादाखल फोटो वगैरे पाठवू नका. अनुदानित शाळेत तुमची सुरुवात शिक्षणसेवक म्हणून झाली असेल, तर तीन वर्षं मानधनावर काढलेली त्यांनी पाहिलीच आहेत. हेही तसंच, म्हणावं, पक्क्या नोकरीच्या आधीचं काम. तरी त्या मुलं सांभाळण्याचंच बोलल्या तर बोलू द्या.

नवऱ्याला तुमचं रडणं बघवत नाही, म्हणून तो सोड म्हणतो. त्याला दुसरं काम द्या. सबच्या क्रेडेन्शियलवर, म्हणजे परवान्यावर, एकाच वर्गात २० दिवसांपलीकडे राहायला वेगळी परवानगी लागते, म्हणजे याच कागदावर वर्षभर एक वर्ग मिळण्याची आशा धरू नये. गणिताच्या शिक्षकांची तिथे टंचाई आहे आणि तुमच्याकडे चौदा वर्षांचा अनुभव आहे. राज्याच्या शिक्षण खात्याकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीसाठी, म्हणजे पक्क्या शिक्षकाच्या नोकरीला लागणाऱ्या पात्रता-प्रमाणपत्रासाठी, अर्ज करा. त्याला पदवीचं विषयवार मूल्यांकन आणि गणिताची प्रॅक्सिस ही शिक्षकांची परीक्षा लागते. पुढे नोकरी मिळाली की सुरुवातीच्या काळात मार्गदर्शक शिक्षक सोबत असतो. मूल्यांकनाची कागदपत्रं साताऱ्याहून, विद्यापीठातून मागवणं हे किचकट काम नवऱ्यानं अंगावर घ्यावं.

वर्क परमिटची तारीखही आजच बघा. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज भरता येतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांवर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, त्यामुळे नवं कार्ड वेळेत आलं नाही तर वर्गात जाणं थांबवावं लागेल.

उन्हाळ्यात सबला पगार नसतो. ते दोन महिने प्रॅक्सिसच्या अभ्यासाला द्या. जूनमध्ये शाळा बंद होण्याआधी, ज्या शाळेत सगळ्यांत जास्त गेलात तिथल्या प्रिन्सिपलकडे शिफारसपत्र मागा. ऑफिसात एकदा समज मिळाली होती, म्हणून मागायला बिचकू नका. निकाल लागला की मला कळवा.

— ताई