ख्रिस्ती लोक स्वतःला ज्यूंचे मित्र म्हणवतात, हे ढोंग नाही का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. ज्यूंचा शतकानुशतकं छळ झाला तो ख्रिस्ती देशांतच, मग आता चर्चमधले लोक मैत्रीची भाषा कोणत्या तोंडाने करतात? आणि तुमच्या मंडळीतली तरुण मुलं अलिबागचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायला निघाली आहेत, त्यांनी तिथे कसं वागावं?

आधी कबुली देतो. मी नाशिकचा, प्रोटेस्टंट घरातला. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत 'यहूद्यांनी आपल्या प्रभूला मारलं' हे वाक्य लहानपणापासून इतक्या वेळा कानावर पडलं, की येशू स्वतः यहूदी, मरीया यहूदी, पेत्र आणि पौलही यहूदी, हे डोक्यात शिरेपर्यंत कॉलेज उजाडलं. उपदेश करणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याने उभ्या जन्मात ज्यू माणूस पाहिला नसेल. पण युरोपात हेच वाक्य ऐकून लोक ज्यू वस्त्यांवर चालून जात. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने तर १५४३ साली त्यांची सिनेगॉगं जाळा असं लिहून ठेवलं, आणि चारशे वर्षांनी नाझींना ते आयतं सापडलं. तेव्हा तुमचा राग रास्त आहे.

तरीही मी सरसकट 'ढोंग' म्हणणार नाही, ते एका गावामुळे. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ पठारावरचं ल शांबों-सुर-लिन्यों. इथले बहुतेक लोक ह्युगेनॉट, म्हणजे कॅथलिक फ्रान्समधले प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये राजाने त्यांच्या धर्मावर बंदी घातली, तेव्हा त्यांचे पूर्वज रानात लपून प्रार्थना करत. लपणं म्हणजे काय, हे त्या घरांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे गुडघे टेकले. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी मंडळीला सांगितलं, की आपल्यावर जी जबरदस्ती होईल तिचा प्रतिकार आत्म्याच्या शस्त्रांनी करायचा.

त्यानंतर जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं साधेपण. कोणी समिती नेमली नाही, ठराव केला नाही. त्रोक्मे यांच्या पत्नी माग्दा यांच्या दारात बर्फाने माखलेली एक परकी ज्यू बाई उभी राहिली, त्यांनी तिला आत घेतलं. मग शेतकऱ्यांनी गोठ्यांत, माळ्यांवर, शाळेच्या वसतिगृहांत माणसं ठेवली. खोट्या ओळखपत्रांची सोय झाली, काहींना स्वित्झर्लंडच्या हद्दीपलीकडे पोचवलं गेलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि पाळकाकडे ज्यूंची यादी मागितली. त्याने दिली नाही. गाड्या जवळजवळ रिकाम्या परतल्या. १९४४ पर्यंत त्या पठारावर सुमारे पाच हजार लोकांना आसरा मिळाला, त्यात तीन ते साडेतीन हजार ज्यू होते. किंमतही पडली. पाळकाचा चुलतभाऊ दानिएल विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह सांभाळायचा. जून १९४३ च्या धाडीत त्याला पकडलं आणि तो माय्दानेकच्या छळछावणीत मेला.

त्रोक्मे जुन्या करारातल्या शरणपुरांवर बोलत असे, म्हणजे निर्दोष माणसाचं रक्त सांडू नये म्हणून राखलेली गावं. आम्हा नाशिककरांना हा शब्द नवा नाही. शरणपूर रोडचं नाव जिच्यावरून पडलं ती मिशनऱ्यांची वसाहत, आणि गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली होती. आज तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

माझ्या लेखी शांबोंची कसोटी वेगळीच आहे: आसरा देताना त्यांनी कोणाकडे बाप्तिस्मा मागितला नाही. आपल्याकडचं उदाहरण लावून बघा. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, मुलं हिब्रू शिकली. तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'ना आपलाच धर्मग्रंथ मराठीत वाचायला मिळाला. उपकार मोठा, पण त्यामागे आशा अशी, की हे लोक शेवटी ख्रिस्ती होतील. झाले अगदी थोडे. बाकीच्यांनी हिब्रू घेतलं आणि आपल्या सिनेगॉगची वाट धरली. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आजकाल काही मंडळ्यांत इस्रायलचा झेंडा लावतात, कारण 'बायबलमधली भविष्यवाणी पूर्ण होतेय'. माझं मत विचाराल तर शेजाऱ्याला आपल्या पंचांगातली तिथी समजणं ही मैत्री नव्हे. आणि ज्यूंच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून तिथल्या सरकारच्या प्रत्येक कृतीला मान डोलवावी लागत नाही.

पौल रोमकरांस पत्रात म्हणतो, तुम्ही परराष्ट्रीय, ज्यू नसलेले, म्हणजे बागेतल्या जैतुनावर (ऑलिव्हवर) बांधलेलं रानटी फांदीचं कलम. मूळ तुम्हाला पोसतं, तुम्ही मुळाला नाही. कोकणातला कलमवाला हे ऐकून हसेल. तो रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, हे नेमकं उलटं. पौलालाही ते कळत होतं, तो स्वतःच याला निसर्गाविरुद्ध म्हणतो. कॅथलिक चर्चला हे मूळ पुन्हा आठवायला १९६५ उजाडलं. त्या वर्षी व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही.

आता अलिबागचं. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगला जायच्या आधी फोन करा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो, तो वेळ टाळा. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. तिथलं कोणी भेटलं तर मराठीतच बोला, त्यांचीही तीच मातृभाषा. मलिदा या त्यांच्या गोड पोह्यांच्या प्रसादविधीबद्दल विचारा, एलियाहू हन्नावी म्हणजे एलिया संदेष्ट्याबद्दल विचारा, आणि मग ऐका. मुलांच्या पिशव्यांत सुवार्तेच्या पत्रिका असतील तर त्या निघण्याआधी घरी काढून ठेवायला सांगा.