तुमचे प्रश्न : सात लाखांचं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे यजमान पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारे. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर माडावरून पडले. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑपरेशन करून मणक्यात स्क्रू-पट्ट्या घातल्या. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. कागदावर ‘डी-१२, कम्प्लीट’ लिहिलंय. आता दीर मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन आलेत. परराज्यातल्या एका सेंटरमध्ये कमरेच्या हाडातला मगज काढतात आणि त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, पाठीत टोचतात. तीन इंजेक्शनं, सात लाख. व्हिडिओतल्या मुलाचा अंगठा हलतो. सासूबाई म्हणतात, काजूची बागायत विका, पण माणूस उभा राहिला पाहिजे. चवथीआधी पैसे भरले तर सवलत आहे. काय करू?
— प. ग., सत्तरी

उत्तर : बागायत विकू नका. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं दीर वाचतील याची खात्री नाही. चवथीला कपड्यांवर सवलत असते हे ठाऊक होतं, मज्जारज्जूवरही असते हे तुमच्या पत्रातून कळलं.

हाड सांधतं, मज्जारज्जू सांधत नाही. हातातली नस (नर्व्ह) तुटली तर तिचे तंतू हळूहळू पुन्हा वाढतात. मज्जारज्जूत मार बसला की सूज येते, पुढच्या दिवसांत आणखी पेशी मरतात, तिथे पोकळी होते आणि भोवती व्रण धरतो. तंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टणातली काही द्रव्यंच नव्या वाढीला आडवी येतात. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या याव्यात, उघड्या पडलेल्या तंतूंवर पुन्हा वेष्टण चढावं, एवढ्यासाठी स्टेम सेलचा खटाटोप आहे. तो खोटा नाही. २०१० मध्ये अमेरिकेत जेरॉन कंपनीने भ्रूणपेशींपासून तयार केलेल्या पेशी पहिल्यांदा माणसाच्या मज्जारज्जूत सोडल्या, पण पुढच्याच वर्षी पैशाचं कारण देऊन काम थांबवलं. जपानच्या केइओ विद्यापीठाने २०२१ पासून चार रुग्णांना वेगळ्या प्रकारच्या पेशी दिल्या. २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की चौघांपैकी दोघांची हालचाल सुधारली आणि त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. उरलेल्या दोघांत तसा फरक दिसला नाही. चारच माणसं असल्याने सुधारणा पेशींमुळे झाली की आपसूक, हे त्यावरून ठरत नाही. आणि त्या पेशी दिल्या होत्या इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत. तुमच्या यजमानांना वर्ष उलटून गेलं.

आता तो अंगठा. इजा अपुरी असेल, म्हणजे ‘कम्प्लीट’ नसून खाली थोडी हालचाल किंवा स्पर्श उरला असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरातही, बरंच काही आपोआप परत येतं. अशा सेंटरच्या पॅकेजमध्ये रोजचा फिजिओही असतो, मग श्रेय इंजेक्शनला कोणी का द्यावं? शिवाय पाय नुसता उडतो तो स्पाझम, म्हणजे स्नायूंचा आपोआप येणारा झटका, असू शकतो. मी रुग्णाला डोळे मिटायला सांगते आणि म्हणते, ‘वर घे, थांब, आता खाली.’ क्रम बदलून पुन्हा सांगते. हुकमाबरहुकूम हलला तर तो मेंदूने हलवला. दिरांना सांगा, तसा व्हिडिओ मागवा. त्यात मुलगा कधी पडला होता, त्याची तारीखही मागा.

‘तुमच्याच पेशी आहेत, धोका कसला?’ असं ते नक्की म्हणतील. लिस्बनचं नाव काढलं की आपल्याकडे जुन्या लोकांचे कान टवकारतात, म्हणून तिथलंच सांगते. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका अमेरिकन तरुणीच्या पाठीत तिथे तिच्याच नाकातलं अस्तर बसवलं होतं. आठ वर्षांनी तिची पाठ दुखू लागली. आत गाठ निघाली, आणि गाठीत नाकासारखाच शेंबूड तयार होत होता. २०१४ मध्ये तिच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकात छापलं.

आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांत रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं रोपण हा मान्य उपचार. बाकी सगळं फक्त चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे सात लाख मागितले तिथेच प्रश्न मिटला. तरी फोन करायचाच असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. देशातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. पण नोंद आहे म्हणून औषध लागू पडतं असं नव्हे. नीतिसमितीने मंजुरी दिली का, इजा झाल्यावर किती दिवसांत पेशी देणार, आणि काही बिघडलं तर भरपाई कोण देणार, तेही विचारा.

एक मात्र खटकलं. दीर काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात, सगळं पत्रात आहे. यजमान काय म्हणतात ते कुठेच नाही. त्यांचे पाय गेलेत, बोलणं नाही. सुई त्यांच्या पाठीत जाणार आहे. वरचं सगळं त्यांना एकट्याला बसवून सांगा. कदाचित ते ‘नको’ म्हणायला घाबरत असतील, कारण घरातले सगळे त्यांच्यासाठी जमीन विकायला निघालेत.

पैसे कुठे घालायचे ते विचारलं नाहीत, तरी सांगते. डी-१२ म्हणजे पाठीचा बारावा मणका. इजा तिथे, म्हणून दोन्ही हात शाबूत, आणि माडावर चढलेल्या माणसाचे हात! खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकायला ते शिकू शकतात. मापाची व्हीलचेअर आणि तिच्यावर चांगली उशी घ्या. नुसता फोम पावसाळ्यात दमट होऊन दबतो. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदला. रोज रात्री हातआरशात त्यांना स्वतःला माकडहाड, बसायची हाडं आणि टाचा बघू दे. लाल डाग बोटाने दाबला आणि पांढरा झाला नाही, तर तो भाग पूर्ण टेकायचा बंद. त्या डागाखाली पुढे हाडापर्यंतची जखम होते. लघवीची नळी कायमची ठेवलेली असेल तर दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायचं तंत्र शिकवायला सांगा. दाराच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. गवंडी सहाच म्हणेल, ऐकू नका. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. आणि पणजीच्या पर्पल फेस्टला, दिव्यांगांच्या महोत्सवाला, त्यांना घेऊन जा. खुर्चीतून धंदा करणारे लोक तिथे भेटतील, त्यांचं ते माझ्यापेक्षा जास्त ऐकतील.

प्रश्न : आमच्या उच्च माध्यमिकात ‘भ्रूणपेशी वापरणे अनैतिक आहे’ यावर वादविवाद आहे. मला विरोधी बाजू मिळाली. मुद्दे द्याल?
— विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : मुद्दे तुझे तूच काढ, माहिती देते. या पेशी सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणातून घेतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेला हा भ्रूण जोडप्याच्या संमतीनेच वापरता येतो. पेशी काढल्यावर भ्रूण उरत नाही, ही आक्षेप घेणाऱ्यांची खरी अडचण आहे. तिला हसू नकोस. आपल्या नियमांत भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवायला बंदी आहे. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीच उलट मागे नेऊन भ्रूणपेशींसारख्या केल्या आणि २०१२ चं नोबेल मिळवलं. केइओच्या पेशी त्याच जातीच्या. त्यामुळे भ्रूणाचा वाद टळला, गाठ होण्याची भीती टळली नाही. माझं विचारशील तर आजची मोठी अनीती प्रयोगशाळेत नाही, पहिल्या पत्रातल्या सवलतीत आहे.

प्रश्न : शेजारी माडावरून पडले तेव्हा आम्ही त्यांना उचलून रिक्षात बसवलं. चुकलं का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : पुढच्या वेळी बसवू नका. १०८ ला फोन करा. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं सरळ धरून ठेवा, मान वळवू नका, पाणी पाजू नका. उलटी झाली तर तिघाचौघांनी मिळून डोकं, पाठ, पाय एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. घरच्या गाडीने न्यायलाच लागलं तर दाराची फळी घ्या आणि तिच्यावर आडवंच न्या.