ग्रीनबेल्टमध्ये घर घेताय? आधी कागद बघा

मेरीलँडमधलं ग्रीनबेल्ट वॉशिंग्टनचं उपनगर. १९३७ मध्ये सरकारने वसवलं, म्हणून जुन्या भागात व्यवहार वेगळा आहे. १९५२ पासून तिथली बहुतेक जुनी घरं ग्रीनबेल्ट होम्स या सहकारी संस्थेची आहेत. म्हणजे घराची डीड (मालकीचं खरेदीखत) तुमच्या नावावर होत नाही. आपल्या सोसायटीसारखं सभासदत्व आणि राहण्याचा कायमचा हक्क मिळतो. इथेच नवखे अडकतात: नेहमीचं होम लोन चालत नाही, आणि सहकारी घरांना कर्ज देणाऱ्या बँका मोजक्याच. ऑफर देण्याआधी बँक गाठा.

किंमत कमी दिसली की हुरळू नका. संस्थेचं मासिक शुल्क मिळवून हिशेब करा. त्यात प्रॉपर्टी टॅक्सही येतो, त्यामुळे शेजारच्या गावातल्या घराच्या हप्त्याशी थेट तुलना चुकते. विटांची, सिमेंटच्या ब्लॉकची आणि लाकडी सांगाड्याची अशी तीन प्रकारची घरं आहेत. लाकडी घरात शेजाऱ्याचा आवाज जास्त येतो, संध्याकाळी जाऊन ऐका.

घराला दोन तोंडं: एक बागेकडे, एक रस्त्याकडे. भिंत पाडायची, कुंपण घालायचं, तर आधी संस्थेची परवानगी. मेट्रोच्या ग्रीन लाइनचं स्टेशन जुन्या वस्तीपासून लांब पडतं. बसचं वेळापत्रक पाहूनच गल्ली निवडा.