आईला कुठल्या क्लासला घालू?

डसेलडॉर्फहून एका ताईंचं पत्र आलंय. वडील जाऊन दीड वर्ष झालं. आई धुळ्यात देवपूरला एकटी राहते, वय 71. खाली भाडेकरू आहेत, कामाला बाई येते, पैशाची ओढाताण नाही. 'पण फोनवर तिच्याकडे सांगायला काही नसतं. भाजी काय केली आणि कोण वारलं, एवढंच.' मामेभावाने दोन जागा सुचवल्यात. एक नवीन 'सीनियर क्लब' आहे, तिथे चित्रकला, मातीकाम, कराओके आणि हलका नाच मिळून सहा महिन्यांचे 18,000 रुपये. दुसरी म्हणजे मागच्याच गल्लीतल्या सरांची पेटीची शिकवणी, महिन्याला 600. पेटीचं नाव निघालं कारण आईच्या माहेरची एक पेटी जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर पडून आहे. पत्राचा शेवट असा: 'आईला कुठल्या क्लासला घालू?'

ताई, हे 'घालू' आपण बालवाडीसाठी वापरतो. मीही वापरलं होतं, म्हणून टोचलं. अकरा वर्षं मी बाहेर होते. आई गेल्यावर अमळनेरला दादा, म्हणजे माझे वडील, एकटे पडले, तेव्हा मी तिकडे बसून, रेटिंगचे स्टार बघून, त्यांना एका ऑनलाइन चित्रकलेच्या वर्गात 'घातलं'. वर्षाची फी एकदम भरली. रंगांची पेटी, ब्रश, कॅनव्हासचे पुठ्ठे कुरिअरने घरपोच. दर रविवारी विचारायची, चित्रं कशी चाललीत? 'छान चाललंय.' आठ महिन्यांनी घरी आले तर ट्यूबांची झाकणं उघडलेली नव्हती, ब्रश प्लास्टिकमध्ये तसेच, आणि कॅनव्हासचा एक पुठ्ठा ज्वारीच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवलेला, वर वरवंटा. दादांना ओटीपी वेळेवर सापडायचा नाही आणि माझे पैसे वाया गेले हे सांगायचा धीर होत नव्हता. त्याच महिन्यांत त्यांनी भजनी मंडळाची अभंगांची वही नव्याने उतरवून काढली होती, बोरूने, मोत्यासारख्या अक्षरात. दादा शाळामास्तर होते. त्यांचा हात अक्षराचा आहे हे मला चौथीपासून माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

विचारायचं कसं, याचीही एक गोम आहे. 'आई, तुला कसला छंद आहे?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, 'मला मेलीला कसला छंद!' त्या पिढीच्या बाईला छंद हा शब्दच आपला वाटत नाही. त्यापेक्षा विचारा, तुमच्या गल्लीत गुलाबाई (मुलींचा भोंडल्यासारखा गाण्यांचा सण) कोणाच्या घरी बसायची? गाणी कोण सांगायचं आणि मागून कोण म्हणायचं? डब्यातला खाऊ कोण हमखास ओळखायचं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका कुठल्या झाडाला बांधायचे, झोक्यावर कुठलं गाणं म्हणायचे? श्रावणात कानबाई देवीच्या सणाला रात्र जागवायची तेव्हा तू कुठे बसायचीस, गाणाऱ्या बायकांत की रोटांच्या कणकेपाशी? या उत्तरांतून कळतं की तिचा ओढा गळ्याकडे आहे, हाताकडे आहे की चार माणसांत मिसळण्याकडे. क्लास निवडताना निम्मं काम इथेच होतं.

शेवटचा ओढा पुष्कळदा सगळ्यात मोठा असतो. कला हे निमित्त. त्यात कमीपणा काही नाही, पण मग तुमची निवड बदलते: उत्तम शिक्षक आणि एकांतातली शिकवणी, यापेक्षा बरा शिक्षक आणि दहा बायका बऱ्या.

आता जागांचं. आपल्याकडे 'कलावर्ग, ज्येष्ठांसाठी' अशी पाटी क्वचित दिसते, पण ते काम चालू असतं. गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांतले बरेच फेस्कॉम या राज्यपातळीच्या महासंघाला जोडलेले. वर्गणी किरकोळ. गुणवत्ता मात्र एका सचिवावर अवलंबून. सचिव हौशी असेल तर गाणं, नाट्यवाचन, सहल, सगळं चालतं. नसेल तर खुर्च्या मांडून पेन्शनच्या फरकाची चर्चा. मी पाहिलेल्या बऱ्याच संघांत खुर्च्यांवर पुरुषच जास्त, तेव्हा तुमच्या आईसाठी तिथे बायका किती येतात हे आधी बघायला सांगा. भजनी मंडळं आहेतच. गाण्या-वाजवण्याच्या शिकवण्यांत बहुतेक ठिकाणी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. साठी-सत्तरीतली माणसंही त्यांना बसतात. काहींना त्या परीक्षेने पंख फुटतात. माझ्या शेजारच्या काकूंना फॉर्म दाखवला तर त्या म्हणाल्या, 'माले आते काय परीक्षा देनी शे का?' आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. म्हणून सरांना फोन केलात तर एवढं विचाराच: परीक्षा न देता शिकता येईल का?

भाषेचा मुद्दा परदेशात बसून लक्षात येत नाही. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारी बाई, समोर 'लेट्स एक्सप्रेस अवरसेल्व्हज' म्हणणारी प्रशिक्षिका, आणि हातात दिलेल्या अर्जात पहिला रकाना 'शिक्षण'. तिथेच हात आखडतो. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. ओव्या त्यांनी शेतात आणि जात्यावर लेवा बोलीत रचल्या, घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. आज त्यांचं नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे. त्या विद्यापीठाच्या मुलखात कलेच्या वर्गाला शिक्षणाचा रकाना कशाला लागतो, मला कळत नाही. असो.

मामेभावाला क्लब बघायला पाठवाल तेव्हा उद्घाटनाच्या किंवा गॅदरिंगच्या दिवशी पाठवू नका. साधा मंगळवार किंवा बुधवार निवडा, फोन न करता जाऊ द्या, आणि अर्धा तास मागे बसू द्या. त्याने मोजायचं: वीस जण बसलेत, त्यांतले किती जण हाताने काही करताहेत आणि किती नुसते बघताहेत. शिक्षक कोणाशी बोलतो, नेहमीच्या तीन हुशारांशीच की कोपऱ्यातल्या आजोबांशीही? मग भिंतीवर लावलेली चित्रं. इथे जरा थांबून बघायला सांगा. सगळ्या चित्रांत तोच डोंगर, तोच सूर्य, त्याच दोन झोपड्या आणि झाडाची फांदी डावीकडेच वळलेली असेल, तर ती चित्रं शिक्षिकेची आहेत. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला की ब्रश काढून घेऊन 'मी करून देते हं आजी' म्हणणाऱ्या बाई मी डोळ्यांनी पाहिल्यात. चित्र सुरेख झालं होतं. आजी मांडीवर हात ठेवून बघत होत्या, एखाद्या पाहुणीसारख्या. उलट एका ठिकाणी भिंतीवर वाकडी वांगी बघितली, एक निळं, एक जवळजवळ काळं, एकाला देठच नाही, आणि खाली प्रत्येकाची सही. त्या वर्गात मी माझ्या मावशीला पाठवलं.

बाकी बघायच्या गोष्टी साध्या आहेत. जिना किती, कठडा आहे का, कमोड आहे का, खुर्चीला पाठ आहे का, की सतरंजीवर बसवतात? उजेड पुरतो का? पंख्याच्या आवाजात शिक्षकाचं बोलणं मागे ऐकू जातं का? आणि वेळ. धुळे-जळगावात मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो. दुपारी बाराला सुटणारा वर्ग कागदावर कितीही चांगला असला तरी एप्रिलपासून बंद पडल्यातच जमा. सकाळी आठ किंवा सूर्य कलल्यावर, हीच खरी वेळ.

आता त्या क्लबच्या पत्रकातल्या वाक्याकडे येते, जे तुम्ही फोटो काढून पाठवलंत: 'कलेमुळे स्मृतिभ्रंश टळतो.' या वाक्यावर 18,000 रुपये देऊ नका. खरं काय आहे ते थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 75 वर्षांवरच्या 469 जणांवर अनेक वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या लोकांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण ज्याची स्मृती आतून ढासळायला लागलेली असते तो माणूसही वाद्य आधीच खाली ठेवतो, त्यामुळे यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतलेच डॉ. जीन कोहेन यांचा, 2001 मध्ये सुरू झालेला. 65 च्या पुढची माणसं वॉशिंग्टन परिसरात गायनवृंदात गात होती. वर्षभराने त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या, औषधं आणि पडण्याचे प्रसंग, तिन्ही गोष्टी तुलनेच्या गटापेक्षा कमी निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये 900 हून अधिक प्रकाशनं चाळून कला आणि आरोग्य यांचा धागा आहे असं म्हटलं. तेव्हा फायदा आहे, पण गोळीसारखा नाही. मला कोहेन यांच्या अभ्यासातलं उपयोगी वाटतं ते वेगळंच: तो गायनवृंद दर आठवड्याला जमायचा, शिकवणारा मुरलेला कलाकार होता, आणि तयारी लोकांसमोर गाण्यासाठी असायची. तुमच्या क्लबला हे तीन प्रश्न विचारता येतात. किती वेळा, कोण शिकवतं, आणि पुढे काय? सोमवारी चित्र, मंगळवारी माती, बुधवारी कराओके अशी भेळ असेल तर तिसऱ्या आठवड्यातही आई प्रत्येक गोष्टीत नवखीच राहील.

एक गोष्ट मात्र क्लासवर ढकलू नका. फोनवर आई तेच तेच विचारते, नेहमीच्या भाजीत मीठ चुकतं, ओळखीचा रस्ता चुकते, असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग पेटी.

पैशाचं लवकर उरकते. सहा महिन्यांचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. श्रावणात, आखाजीला, लग्नसराईत आणि तुम्ही सुट्टीवर आलात की आई जाणारच नाही, आणि मग 'पोरीचे पैसे बुडतात' म्हणून ओशाळेल. फी संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती मागा. जमलं तर फी तिला तिच्या पेन्शनमधून देऊ द्या. आपल्या पैशाचा क्लास आवडला नाही तर माणूस बेधडक सोडतो, लेकीच्या पैशाचा क्लास माझ्या दादांसारखा निभावत बसतो. आणि वर्गातले फोटो कुठल्या ग्रुपवर जातात तेही विचारा. डोक्यावर कागदी मुकुट घालून नाचतानाचा आपला व्हिडिओ व्याह्यांच्या ग्रुपवर पोहोचलेला कुठल्याही विहीणबाईंना चालत नाही.

घराबाहेर पडणंच होत नसेल अशा आईवडिलांबद्दलही दोन-तीन पत्रं आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस दशकानुदशकं जवळपास घराबाहेर पडलेच नाहीत. घरातल्याच साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी डोंगर, बर्फ, वाटा उभ्या केल्या आणि त्यांचे फोटो काढले. त्यांचं घर आता कलादालन आहे, सुट्टीत वडिलांना गाडीने घेऊन जा. परत आल्यावर मोबाइल त्यांच्या हातात द्या, खिडकीपाशी एक टेबल मोकळं करून द्या, आणि दर आठवड्याला एक फोटो मागा. याला क्लास लागत नाही.

सहा आठवड्यांनी पारख कशी करायची? 'काय शिकलीस, म्हणून दाखव' असं व्हिडिओ कॉलवर म्हणू नका, जावयासमोर तर नाहीच. नुसतं ऐका. तिच्या बोलण्यात एखादं नवीन नाव येतंय का, 'आमच्या त्या पाटीलबाई' असं? क्लासच्या दिवशी फोन लवकर आटपते का? सरांबद्दल कुरकुर करते का? कुरकुर हे फार चांगलं लक्षण. ज्याचं काही घेणंदेणं नसतं त्याबद्दल आपली माणसं कुरकुर करत नाहीत. सहा आठवड्यांत यातलं काहीच कानावर आलं नाही तर क्लास बदला.

आणि तिच्याकडे जे आहे ते घेणारं कोणी आहे का, तेही बघा. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या, आणि प्रत्येक ओवी कोणाच्या तरी आईने सांगितलेली आहे. तुमच्या गल्लीतल्या मुलींना गुलाबाईच्या महिन्यात तिची गाणी येत नसतात, मोबाइलवर लावतात. तुमच्या आईला ती येत असतील तर त्या महिनाभर तिला कुठल्या क्लासला पाठवायची गरज नाही, तीच क्लास आहे.

तुमच्या दोन जागांपैकी माझं मत पेटीच्या सरांकडे झुकतं. जवळ आहेत, महिन्याची फी आहे, आणि माळ्यावरची पेटी माहेरची आहे. शिकवणी एकट्याची आहे की चारपाच जणांची, तेवढं विचारून घ्या. एकट्याची असेल तर सोबत एखादं भजनी मंडळही बघा. पण आधी पेटी खाली काढायला हवी. इतक्या वर्षांत भाता फाटला असेल, एकदोन पट्ट्या बसल्या असतील, उंदरांनी काय केलं असेल देव जाणे. मामेभाऊ म्हणेल, मी परस्पर दुरुस्त करून आणतो. त्याला नको म्हणा. रिक्षा करून आईलाच सोबत घेऊन जाऊ दे. दुरुस्ती झाली की कारागीर पेटी पुढे सरकवतो आणि म्हणतो, बघा आज्जी वाजवून, सूर बरोबर लागतोय का.