वासराला सुई टोचणारी मुलगी

"मॅडम, ही दिवसभर त्या वासराला सुया टोचत बसते. एवढा राग हिच्यात कुठून आला? ते खेळणं काढून घेऊ का?" रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या साडेपाच वर्षांच्या मुलीच्या आईने पदराचे टोक बोटाला गुंडाळत मला हे विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलांच्या वॉर्डात काम करताना हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे.

ते वासरू डिझाइनच्या एका विद्यार्थ्याने आमच्या वॉर्डासाठी शिवले होते. अमेरिकेत 2018 साली कर्करोगग्रस्त मुलांसाठी तयार झालेले, भावनांची चकती छातीला लावली की त्या भावनेप्रमाणे वागणारे, अ‍ॅफ्लॅक या विमा कंपनीचे खेळण्यातले बदक त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याच्या पहिल्या नमुन्यात मात्र, पायावर सिरिंज दाबली की वासरू "आई गं!" असे ओरडत असे. या मुलीने ते एकदाच ऐकले, वासरू पलंगाखाली ढकलले आणि दोन दिवस तिकडे पाहिलेसुद्धा नाही. ती चूक माझीही होती, कारण तो आवाज मी आधी ऐकला होता आणि त्याला होकार दिला होता. जे मूल स्वतःचे रडणे कसेबसे आवरून धरते, त्याच्या हाती आणखी एक रडणारा जीव देणे म्हणजे त्याच्यावर नवे ओझे टाकणे होय.

दुसऱ्या नमुन्यात आम्ही आवाज काढूनच टाकला. आता पाय दाबला की वासराच्या छातीतली धडधड वाढते आणि पाठीवरून सावकाश हात फिरवला की ती हळूहळू मंदावते, त्यामुळे त्याला शांत करणे पूर्णपणे मुलाच्या हातात राहते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलांना संसर्गाचा धोका असल्याने वरचे कापड काढून धुता येईल असे केले, प्रत्येक मुलाला स्वतंत्र वासरू दिले आणि बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू बसवला. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा करू शकतो, म्हणून त्या स्क्रूबाबत मी अडूनच बसले होते.

आईला मी सांगितले, "ताई, वासरू काढून घेऊ नका. सकाळी तापमान, मग रक्त, मग सलाईन, या सगळ्यात तिचे शरीर दुसऱ्यांच्या हातात असते. दिवसभरात ती स्वतः ज्याच्यावर काही करू शकते असे हे एवढे एक वासरूच आहे." असा खेळ म्हणजे बहुतेक वेळा क्रूरपणा नसतो, जे आपल्यावर ओढवले ते मूल आपल्या गतीने, आपल्याला हवे तिथे थांबवत पुन्हा करून पाहत असते. मात्र केवळ खेळ चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नये, तो बदलतो आहे का हे पाहावे. आठवड्यामागून आठवडे तोच खेळ तसाच चालला, खेळून झाल्यावर मूल अधिकच घाबरू लागले, झोप उडाली किंवा ते स्वतःला वा इतरांना इजा करू लागले, तर थांबू नये, लगेच आम्हाला सांगावे.

या मुलीचा खेळ बदलला. आधी ती ओठ घट्ट मिटून, सुई काढलेली सिरिंज जोरजोरात खुपसत असे. पुढच्या आठवड्यात तिने मायक्रोपोरचा तुकडा दातांनी तोडून वासराच्या पायावर चिकटवला आणि वर फुंकर घातली. मग शब्द आले: "हलू नकोस. झालं, झालं." एका दुपारी तिने सिरिंज उचलली, थांबली आणि वासराला विचारले, "उजवा की डावा?"

हा प्रश्न तिला आमच्यापैकी कोणीच कधी विचारला नव्हता. सिस्टर शेजारच्या पलंगापाशी उभ्या होत्या आणि त्यांनी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी सलाईन लावण्यापूर्वी त्या खाली वाकून म्हणाल्या, "बाळा, उजवा की डावा?" मुलीने थोडा विचार करून डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने वासराची पाठ चोळत राहिली. ती रडली, पण हात मागे घेतला नाही.