मुलीला नॅनोकणांवर एक्स-रे टाकायचेत, करू द्यावं का?

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. एक व्याख्यान ऐकून आली आणि म्हणते, आपोआप रचल्या जाणाऱ्या नॅनोस्फटिकांचा एक्स-रे विकिरणानं अभ्यास करायचा, त्यातच पीएच.डी. करायची. हे एक्स-रे टेक्निशियनचंच काम ना? किरणांचा त्रास नाही का होणार? घरचे म्हणतात, बी.एड. करून टाकू दे.
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. टेक्निशियनचा समज आधी दूर करू. कास्टिंगची रेडिओग्राफी तुम्हाला माहीत असणारच. किरण आरपार जातात, आत पोकळी असेल तर फिल्मवर तिची सावली उमटते. मुलगी म्हणते ते काम निराळं आहे. त्यात किरण नमुन्यातून जाताना थोडे वळतात आणि किती अंशांत वळले यावरून कणांमधलं अंतर काढायचं असतं. फोटो मिळतच नाही. मिळतात वर्तुळं आणि ठिपके, आणि त्यांवरून आतली रचना गणितानं शोधावी लागते.

हे कण काही नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे. कॅडमियम सेलेनाइडचे, लेड सल्फाइडचे, लोहाच्या ऑक्साइडचे. प्रत्येकावर ओलेइक आम्लासारख्या लांब रेणूंचं आवरण असतं. द्रावणाचा थेंब सावकाश वाळू दिला की फळवाला मोसंबी रचतो तसे हे कण ओळीनं, थरावर थर रचले जातात, आणि तेही कुणी हात न लावता. कण एकसारख्या आकाराचे असतील तरच हे जमतं. तसे कण बनवण्याची पद्धत १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांच्या गटानं दिली आणि १९९५ मध्ये त्याच गटानं अशा कणांची त्रिमितीय जाळी करून दाखवली. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे अशाच इवल्या अर्धवाहक नॅनोकणांसाठी, बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. मुलीनं उगाच भुरळ पडून हे निवडलेलं नाही.

पुढचं गणित तिलाच करायला सांगा. तांब्याचं लक्ष्य असलेल्या एक्स-रे नळीतून येणाऱ्या किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर. अणूंच्या थरांमध्ये ०.३ नॅनोमीटर अंतर असेल तर किरण सुमारे ३० अंशांत वळतो. थर कणांचे असतील आणि अंतर ८ नॅनोमीटर असेल, तर कोन उरतो जेमतेम १.१ अंश. मूळ झोताला इतका चिकटलेला संकेत वेगळा पकडायचा म्हणून डिटेक्टर लांब ठेवतात आणि मधला प्रखर झोत अडवतात. यालाच लघुकोन विकिरण किंवा सॅक्स म्हणतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं कण थेट दिसतात, मग ही खटपट कशाला? सूक्ष्मदर्शक इवलासा तुकडा दाखवतो, तोही बहुधा वाळल्यावर. एक्स-रेनं थेंब वाळत असतानाच रचना बदलताना पाहता येते. पहिल्या दोन वर्तुळांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर १.१५ च्या आसपास आलं तर फलककेंद्रित रचनेचा (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर कण) संशय घ्यायचा, १.४१ आलं तर कायकेंद्रित रचनेचा (कोपऱ्यांवर आणि घनाच्या पोटात मधोमध कण), आणि पुढची वर्तुळं मोजून खात्री करायची. लेड सल्फाइडच्या कणांत द्रावक उडत जाताना पहिलीतून दुसरी रचना होताना नोंदलेली आहे. मला या विषयातलं सर्वांत सुंदर काम हेच वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. यंत्र चालवायची हौस असेल तर हे क्षेत्र तिला लवकर कंटाळवाणं वाटेल. वर्तुळांवरून रचना ओळखण्यात रात्री जात असतील तर तिला अडवू नका. हे आत्ताच तपासता येईल. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी नॅनोकण बनवणारे मार्गदर्शक शोधावेत आणि विद्यापीठातल्या एक्सआरडीवर, म्हणजे एक्स-रेनं अणूंची रचना तपासणाऱ्या यंत्रावर, स्वतःच्या नमुन्याचा पॅटर्न घेऊन तो स्वतः सोडवावा. जोडीला पायथन ही संगणकाची भाषा शिकावी. सॅसव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर लघुकोनाची आकडेमोड शिकता येते. उन्हाळ्यासाठी तिन्ही विज्ञान अकादमींच्या फेलोशिपला अर्ज करावा. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, असं विकिरण मोजायची बीमलाइन, म्हणजे झोत नमुन्यापर्यंत नेणारी मार्गिका, आहे. संशोधक प्रस्ताव पाठवून तिथे वेळ मागतात.

किरणांची काळजी सोडा. प्रयोगशाळेतलं यंत्र बंद कपाटात असतं, दार उघडलं की झोत थांबतो. सिंक्रोट्रॉनवर नमुना जाड भिंतींच्या खोलीत ठेवतात आणि ती कुलूपबंद झाल्याशिवाय झोत आत सोडताच येत नाही. माणसं बाहेर संगणकापाशी बसतात.

पैशांचं सांगतो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. घरून पैसे पाठवावे लागणार नाहीत. पण पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातात आणि फक्त सॅक्स येतं म्हणून नोकरी देणाऱ्या जागा भारतात थोड्या आहेत. पॉलिमर, रंग, औषधं, बॅटरी या उद्योगांत हे तंत्र वापरतात, पण तिथे पदार्थ बनवता येणारा आणि मोजताही येणारा माणूस लागतो. म्हणून पीएच.डी.चा विषय असा घ्यावा, ज्यात कण ती स्वतः बनवील.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, त्याची घाई नको. नेटची तयारी मात्र याच वर्षी सुरू होऊ द्या, आणि प्रोजेक्टचा मार्गदर्शक ठरला की मला पुन्हा लिहा.